भांडण्याजोगी

नळाचं पाणी हौदातून ओसंडलं आणि सरळ मधल्या बोळात, शेजारच्या माणिकबाईंनी चादरीवर वाळत घातलेल्या कुरड्यांखाली शिरलं. शालूनं ते पाहिलं, पण नळ बंद करायला काही ती उठली नाही.

आता माणिकबाई बाहेर येतील, निमूटपणे चादर ओढतील आणि "राहू दे बापा, होते असं" म्हणत आत जातील. वर्षभर हेच चाललं होतं. शालूचा आजार मोठा होता खरा, पण तो सरला होता. केस परत आले, अंगही भरलं. डोळ्यांखालचे खळगे तेवढे भरेनात. ते दिसले की अख्ख्या गल्लीचा आवाज खाली यायचा. भाजीवालासुद्धा घासाघीस न करता ती म्हणेल तो भाव मान्य करायचा. जिवंतपणीच फोटोला हार घातल्यासारखं वाटायचं तिला.

म्हणून मागच्या पंधरवड्यात, मूर्तिजापूरला बहिणीकडे जाते असं गल्लीत सांगून, ती अकोल्याहून थेट अमरावतीला गेली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सुईनं खळगे भरून दिले. घरात लग्नकार्य आहे का, असं त्यांनी हसून विचारलं. शालू नुसती नाही म्हणाली. खरं कारण सांगायची तिला लाज वाटली.

माणिकबाई आल्या. त्यांनी कुरड्या पाहिल्या, मग शालूकडे पाहिलं, चांगलं डोळ्याला डोळा भिडवून.

"काहून वं शालू, पाणी तुया बापाचं आहे का? साऱ्या कुरड्यायचा चिखल केला माया."

शालूला एवढं हायसं वाटलं की रडूच यायचं बाकी राहिलं. पण ही वेळ रडत बसायची नव्हती.

"अन् बोळ काय तुमच्या नावावर आहे?"

आवाज ऐकून तिचा नवरा संघपाल हातातला चहा टाकून धावत आला. त्यानं माणिकबाईंपुढे हात जोडले. "राहू द्या माणिकबाई. तिले बरं नसते."

शालूला वाटलं, झालं, संपलं सगळं. माणिकबाईंनी तिला पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तिले काय धाड भरली? चांगली घोड्यासारखी उभी आहे. तू हो बाजूले."

शालूनं नवऱ्याला हातानं मागं सारलं, पदर कमरेला खोचला आणि पुढं झाली.