पहिली मात्रा रिकामी

"वाजवलास! पुन्हा एक वाजवलास!" एलियासकाकाने बोटांनी टेबलावर धरलेला ठेका थांबवला. "अरे, फ्लामेंकोतला तांगोस आहे हा. एक सोडायचा. मग दोन, तीन, चार. पहिली मात्रा रिकामी, किती वेळा सांगू?"

फेर्मीनने गिटारवरून हात उचलला. "चुकून वाजला, काका."

"चुकून म्हणे! तुम्हा पायो लोकांना मोकळी जागा दिसली की लगेच खुर्ची टाकून बसायचंच असतं."

फेर्मीन हसला. एलियासकाकासारखा गितानो, म्हणजे स्पेनमधला जिप्सी, नसेल तो पायो, आणि फेर्मीन तर नखशिखांत पायो होता. सगळी नोकरी बादाखोसच्या टपाल कचेरीत गेली. साठी उलटल्यावर त्याने गिटार विकत आणली तेव्हा मेहुण्याने त्याला म्हातारचळ लागल्याचं गावभर सांगितलं. सांगेना का. बायको वारल्यापासून घर फेर्मीनला खायला उठत होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी तो वरच्या चौकाचा चढ चढून काकाकडे यायचा. मधल्या दिवसांत पाववाल्या बाईखेरीज त्याच्याशी कुणी चार शब्द बोलायचं नाही. शिकवणी संपली की काका कॉफी करायचा आणि खोकत खोकत शेजाऱ्यांची उणीदुणी काढायचा. खरं सांगायचं तर फेर्मीन गिटारपेक्षा त्या कॉफीसाठीच यायचा.

तालाच्या बाबतीत मात्र काका कुणाची भीड ठेवायचा नाही. सख्ख्या भावाची टाळी चुकली म्हणून त्याच्याच लग्नात त्याला चारचौघांत गप्प बसवलं होतं त्याने. पुढे कितीतरी वर्षं दोघांत बोलणं नव्हतं, पण काकाने शब्द मागे घेतला नाही. गितानोंच्या वस्तीत सगळेच त्याला काका म्हणायचे, आणि तो बरोबर म्हणाला की बरोबर, चुकलं म्हणाला की चुकलं. त्यावर ब्र काढायची कुणाची टाप नव्हती.

त्या शुक्रवारी फेर्मीन निघाला तेव्हा काकाची मुलगी साराय त्याच्या मागोमाग जिन्यात आली. वडिलांना न्यायला ती बिल्बाओहून आली होती.

"अहो फेर्मीन, थांबा जरा. राग मानू नका, पण हे तुम्हाला कधी जमणार आहे का?"

"प्रयत्न चाललाय."

"तुमचा प्रयत्न चाललाय आणि माझा जीव टांगणीला लागलाय! हिवाळ्यात बाबा याच जिन्यावरून पडले. दुपारपर्यंत इथेच पडून होते, कुणाला पत्ता नाही. डॉक्टर म्हणतात, एकटं ठेवू नका. आणि बाबांचं आपलं एकच, हाती घेतलेला शागीर्द अर्धवट सोडायचा नाही."

"मी... मी सांगून बघू का त्यांना?"

"ते ऐकणाऱ्यातले आहेत? काल मी भांडभांड भांडले तेव्हा कुठे त्यांनी शपथ घेतली. आमच्या गेलेल्या माणसांची. तुम्ही तांगोस न चुकता वाजवलात की त्याच दिवशी माझ्याबरोबर निघतील."

मेलेल्यांची शपथ गितानो मोडत नाहीत, हे फेर्मीनलाही ठाऊक होतं.

"परवा रविवारी मी गाते, तुम्ही वाजवा," साराय म्हणाली. "रात्रीची गाडी आहे. एवढं करा हो माझ्यासाठी."

शनिवारी तो सकाळपासून गिटार घेऊन बसला. बोटं सोलवटली, दुपारचं जेवण राहून गेलं. मग संध्याकाळी मोजायचं सोडून दिलं आणि पहिल्या मात्रेला नुसता श्वास धरला, तेव्हा ते जमलं. पुन्हा वाजवून पाहिलं. पुन्हा जमलं.

त्याला आनंद झाला, पण क्षणभरच. काका गेला की मंगळवार गेला, शुक्रवारही गेला. उद्या एकच ठोका चुकवला तर? कुणाला शंका येणार होती? आजवर तो चुकतच तर आला होता. बराच वेळ तो त्या विचाराशी खेळत बसला. मग जिन्यात पडलेला म्हातारा त्याच्या डोळ्यांपुढे आला आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

रविवारी काकाने धुतलेला पांढरा सदरा घातला होता. सामान बांधून दाराशी ठेवलेलं होतं. साराय उभी राहिली, काकाने टेबलावर ठेका धरला.

फेर्मीनने डोळे मिटले आणि सुरुवात केली. साराय गाऊ लागली, मधूनमधून टाळ्या देऊ लागली. पहिल्या फेरीत एक रिकामा गेला. दुसऱ्या फेरीतही गेला. मग काकाला खोट काढायला जागा राहू नये म्हणून ती मुद्दाम ओळ लांबवायला लागली, त्याला अडवायला लागली, पण तो तिच्या गळ्याबरोबर जात राहिला आणि नेमका चारवर तिच्यासकट थांबला. आयुष्यात त्याने इतकं नेटकं काहीच केलं नव्हतं.

"ओले!" साराय दाद देत ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाबा, ऐकलंत? एकदासुद्धा नाही!"

फेर्मीन खाली मान घालून गिटारची तार पुसत राहिला. म्हाताऱ्याचा चेहरा बघायचं त्याच्या जिवावर आलं होतं. निरोपाला काय म्हणायचं ते त्याने वाटेत पाठ केलं होतं, पण आता त्यातलं काही आठवत नव्हतं.

काका खोकला, उठला आणि त्याने कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवलं.

"एक वाजवलास, फेर्मीन," तो पाठमोराच म्हणाला. "साराय, तू पुढे हो, बाळ. याला अजून पुष्कळ वेळ लागेल."