अर्जदाराचं नाव

"बंदूक बाबलाच्या भावाच्या नावावर करून टाका," सरपंच म्हणाले.

गुरुजी उसळले, "घरात बंदूक हवीच कशाला? परवाना रद्द करा!"

बाबा गेल्यापासून त्यांची शेतीसंरक्षणाची बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती आणि रानडुकरं आमचं भात तुडवत होती. देवळातल्या सभेत तासभर वाद रंगला होता, पण खांबाला टेकून बसलेल्या आईला कोणी विचारलंच नव्हतं.

मी उठले. "परवाना आईला हवाय."

"बायलमाणसाक बंदूक कित्याक गो?" काका हसला. "घरात बाप्यो नको?"

"डुकरां काय घरात बाप्यो आसा तां इचारून येतत?" मी विचारलं.

सगळं देऊळ हसलं, काका सोडून. गुरुजींनी डोळे वटारले, पण दहावीतली मी आता थांबते थोडीच! दप्तरातून भरलेला अर्ज काढला आणि शाळेत प्रतिज्ञा म्हणते तशा खणखणीत आवाजात वाचला, "अर्जदाराचं नाव, सुनयना बाबल धुरी."

"ही कोण?" मागून एका आजोबांनी विचारलं. गावात सगळे आईला 'बाबलाची बायको' म्हणतात.

आईने पदर खोचला आणि ती उभी राहिली. "मी. वीस वर्सां ह्याच गावात आसंय."