सायलीचा देव

मुलांच्या मनातला देव वडिलांच्याच रूपाचा असतो, असं मानसशास्त्राचे दिघे सर नगरच्या कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवत. चौऱ्याण्णव सालच्या एका रविवारी त्यांनी आपल्या सहा वर्षांच्या सायलीलाच देवाचं चित्र काढायला बसवलं. तिनं लुगडं नेसलेली बाई काढली आणि हनुवटीवर हिरवं गोंदण रंगवलं. ती आईवेगळ्या सायलीला सांभाळणारी भागिरथी होती. सरांनी तिला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. "साहेब, माजं काय चुकलं? पोर ऱ्हायची न्हाई माज्याबिगर," ती म्हणाली. सरांनी दार लावून घेतलं. सायली रडरडून तापानं फणफणली, मग गप्पच झाली. दिवाळीनंतर सरांनी पुन्हा कागद पुढे ठेवला. या वेळी तिनं त्यांच्यासारखाच चष्मेवाला माणूस काढला. सरांचा चेहरा खुलला. सायलीनं त्यांच्यापुढे हात जोडले. "पप्पा, आता भागिरथीमावशीला परत आणाल?" "आधी चित्राखाली तुझं वय लिही, वर्गात दाखवायचंय."