पाच मार्कांचं वाक्य

"सर, आपलं वय?" जावयानं विचारलं.

"एकाहत्तर. मागच्या महिन्यात तुम्हीच तर केक आणलात," सासरे म्हणाले.

"अण्णा, तुम्ही अनोळखी आहात. पहिल्यांदाच जिममध्ये आलायत."

"बरं. एकाहत्तर. आपण कोण?"

जावयानं एक मोठा श्वास घेतला. जिममध्ये अकरा वर्षं लोकांना घाम गाळायला लावणारा हा माणूस, पण ट्रेनरचं सर्टिफिकेट नव्हतं. नवीन मालकानं सांगून टाकलं होतं, या खेपेला पास झाला नाहीस तर लॉकरच्या किल्ल्या वाटायला बस. मागच्या खेपेला त्यानं तब्येतीचे प्रश्न न विचारताच क्लायंट बनलेल्या परीक्षकाला स्क्वॉट्स मारायला लावले होते. परीक्षक तीन मारून उठला आणि शून्य देऊन गेला. आता परीक्षा उद्या सकाळी नऊला होती.

म्हणून आज दिवाणखान्यात सराव. क्लायंट म्हणून सासरे, अंगात जावयाचाच ट्रॅकसूट, बाह्या तीनदा दुमडलेल्या. परीक्षक म्हणून बायको, पण ती गुणपत्रिका घेऊन बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. "चालू ठेवा, मला सगळं ऐकू येतंय," असं ती म्हणाली होती. शेजारी वॉशिंग मशीन असं धडधडत होतं, की तिला स्वतःचं बोलणंही ऐकू येत नसावं.

जावयानं फॉर्म पुढे ओढला. "आपल्याला हृदयविकार आहे, असं डॉक्टरांनी कधी सांगितलंय का?"

"नाही."

"छान."

"डॉक्टरकडे गेलोच नाही, तर तो सांगणार कसा?"

"अण्णा, नुसतं हो किंवा नाही. पुढचा. श्रम केल्यावर छातीत दुखतं का?"

सासऱ्यांनी बाल्कनीकडे पाहिलं. मग खुर्ची थोडी पुढे सरकवली.

"हे लिहिलेलं कोण वाचतं?"

"कुणी नाही, सर. आपली माहिती पूर्णपणे गुप्त राहील."

"मुलगीसुद्धा नाही?"

"नातेवाइकांनाही सांगत नाहीत. परीक्षेच्या पुस्तकात आहे, पान चाळीस."

"मग हो लिहा."

"अहो, नाही म्हणायचं! तुम्ही हो म्हणालात तर मला पुढे जाता येत नाही. स्क्वॉट्स राहतात माझे. सगळे मार्क तिथेच आहेत."

"तुम्ही विचारलंत, मी सांगितलं," सासरे म्हणाले. डेपोत पस्तीस वर्षं गाड्यांच्या वेळा लिहिलेला माणूस. सातला चार मिनिटं कमी असतील तर त्यांनी आयुष्यात कधी सात म्हटलं नव्हतं.

जावयाचं पेन थांबलं.

"खरंच दुखतं?"

"हा प्रश्न फॉर्मवर आहे का?"

"नाही."

"हं." सासऱ्यांनी बाह्या पुन्हा दुमडल्या. "चार महिने झाले. दुसऱ्या मजल्यापर्यंत काही नसतं. तिसऱ्याला कुणीतरी छातीवर येऊन बसतं. मग मी तिथे उभा राहून खालच्यांच्या दारावरची पाटी वाचतो. त्यांना वाटतं, म्हाताऱ्याला वाचनाची फार आवड."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही कुठे विचारलंत? आज विचारलंत."

जावयानं पुस्तक उघडलं. पान त्रेचाळीस त्याला पाठ होतं, तरी त्यानं ते बोट फिरवत वाचून काढलं. मग तो उभा राहिला आणि पुस्तकी आवाजात म्हणाला, "सर, आपल्या सुरक्षिततेसाठी आज आपण व्यायाम सुरू करणार नाही. आधी डॉक्टरांना भेटावं लागेल."

तो बोलायला लागला, नेमकं तेव्हाच मशीन थांबलं होतं.

"अरे वा!" बायको बाल्कनीतून ओरडली. "पाच मार्कांचं वाक्य! एक शब्द चुकला नाहीस!" तिनं चिमटा दातात धरून गुणपत्रिकेवर खूण केली. "पण हे आत्ता कशाला? अण्णा ठणठणीत आहेत. स्क्वॉट्स घे त्यांच्याकडून."

"नाही घेता येणार."

"का?"

जावयानं सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे आपल्या मोज्यांकडे पाहत होते.

"क्लायंटची माहिती गुप्त असते," तो म्हणाला.

"हेही बरोबर! तीन मार्क!" बायको खूश झाली. "या खेपेला तू पास होतोस बघ."

जावई स्कूटरची किल्ली शोधू लागला. सासऱ्यांनी त्याचा दंड धरला आणि हळूच म्हणाले, "जावईबापू, उद्या नऊला परीक्षा आहे तुमची. तिथे डॉक्टरनं ठेवून घेतलं तर? परवा जाऊ की."

"पुस्तकात 'लगेच' लिहिलंय."

"परवा म्हणजे लगेचच."

"अण्णा, बूट घाला."

सासऱ्यांनी बूट घातले. वाकताना ते एकदा थांबले. जावयानं त्यांच्या पायाशी बसून दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. क्लायंटला हात लावण्याआधी परवानगी घ्यावी, असं पान सव्वीसवर होतं. त्यानं घेतली नाही.

"निघालात कुठे दोघं?" बायकोनं विचारलं.

जावई म्हणाला, "प्रॅक्टिकलला."

"मैदानावर? चांगलंय, मोकळ्या हवेत करा." ती बाल्कनीच्या कठड्यावरून वाकून दोघं खाली पोचायची वाट पाहत राहिली. एरवी मिनिटभरात उतरणाऱ्या नवऱ्याला आज बराच वेळ लागत होता. शेवटी ते दिसले, तसं तिनं वरून बजावलं, "आणि घाम निघाल्याशिवाय परत येऊ नका!"

खाली जावयानं सासऱ्यांना स्कूटरवर नीट बसवलं, त्यांचे दोन्ही हात आपल्या पोटाभोवती ओढून घेतले. अजून किकही मारली नव्हती, आणि त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.