हवालदाराच्या ओटीवर

"हवालदार धर्माजी का घर यही है?"

माडांच्या वाडीतून चौघे वर आले होते. अंगात टी-शर्ट, गळ्यापर्यंत दाढ्या, पाठीवर जड पिशव्या. पँट्स गुडघ्यापर्यंत ओल्या, म्हणजे होडीतून थेट वाळूवर उतरलेले.

धर्माजीने त्यांना ओटीवर बसवलं. अनोळखी माणसांना आपलं नाव ठाऊक, हे काही त्याला आवडलं नाही.

"चाय मिलेगी, चाचा?" उंच पोराने विचारलं.

दरवर्षी किनाऱ्यावर सुरक्षेचं ड्रिल व्हायचं. खोटे अतिरेकी म्हणून यायचे ते ठाण्यातलेच पोलीस, पोट सुटलेले, हातात 'बॉम्ब' लिहिलेलं खोकं. गावकरी त्यांना धरायचे, फोटो निघायचा, वडापाव व्हायचा, की संपलं. हे चौघे त्यातले वाटेनात.

"कौनसी पलटन?" धर्माजीने सहज विचारल्यासारखं केलं.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. "पलटन कैसी? हम तो घूमने आए हैं."

एकाने पिशवी खाली ठेवली तेव्हा लोखंडावर लोखंड वाजलं. फौजेत ऐकलेला बंदुकांचा तो आवाज धर्माजी जन्मात विसरणार नव्हता. दुसरा भिंतीवरचा धर्माजीच्या मुलाचा, स्वप्निलचा, नौदलाच्या वर्दीतला फोटो निरखत होता आणि गालातल्या गालात हसत होता. पोराच्या फोटोकडे बघून हसणारा तो माणूस पाहून धर्माजी तडक वळला.

तो आत गेला. त्याच्या बायकोने, सगुणाने, चुलीमागे उभं राहून ठाण्यात फोन लावला होता.

"आज कुठलंच ड्रिल न्हाय म्हनतात," ती कुजबुजली. "गाडी निंगाली हाय. तासभर लागंल."

तासभर! रविवार होता. काशीदची चौपाटी मुंबईकरांनी फुललेली, पोरंटोरं उंटावर बसलेली. आणि चालत गेलं तर चौपाटी दहा मिनिटांवर.

धर्माजीने फळीवरून आंब्यावर फवारायच्या औषधाची बाटली काढली.

सगुणाने त्याचा हात धरला. "आनि खरंच पावनं असलं तर?"

"पावनं बंदूक घेऊन येत न्हाईत. आलं घाल, जास्त घाल."

"चेहऱ्यावरनं बरी वाटतात वो पोरं."

"मी वीस वर्सं फौजेत काढली. जवान मला लांबनं कळतो. ह्यांच्या दाढ्या बघ, केस बघ. ह्यांतला एक तरी जवान हाय का?"

तिने हात सोडला.

चौघांनी चहा घेतला. पहिल्या घोटाला उंच पोराने तोंड जरासं वाकडं केलं, मग धर्माजीकडे बघून कप रिकामा केला. यजमानाचा मान राखावा तसा बाकीच्यांनीही केला. धर्माजीला त्यांची दया आली. कोवळी पोरं होती. उभ्या नोकरीत त्याच्या हातून माणूस मेला नव्हता. तरी तो खांबाला टेकून ताठ उभा राहिला.

उंच पोराने पोट दाबून धरलं. कप ओटीवरून गडगडत अंगणात गेला.

तेवढ्यात धर्माजीच्या खिशातला मोबाइल वाजला. स्वप्निल होता, आवाजात हसू मावत नव्हतं.

"आबा, पोचली का माझी पोरं? या वेळी ड्रिल आमच्या दाढीवाल्या कमांडोंचं आहे, पोलिसांनाही पत्ता नाही. मला बोटीवरून उतरता येईना, म्हणून त्यांना तुमच्याकडे धाडलंय. सांगून ठेवलंय, ओळख द्यायची नाही, पण माझ्या आबांनी दिलेला चहा कसाही असला तरी थेंबही टाकायचा नाही."