अर्धा अर्धा ट्रेलर

भांडण झाल्यावर दोघा भावांनी होडीच्या ट्रेलरवर मधोमध पांढरी रेघ ओढली. डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. समुद्रातून ट्रेलर बाहेर आला की ज्याने त्याने आपली बाजू गोड्या पाण्याने धुवायची, गंज घासायचा, गंज रोखणारं रेड ऑक्साइड लावायचं.

"तुझं खारं पाणी माझ्याकडे उडतंय!" थोरला डाफरायचा.

"मग भिंत बांध ना मधे, दादा!"

दुसऱ्याचं काम चुकूनही आपल्या हातून होऊ नये, म्हणून दोघंही रेघेच्या वीतभर अलीकडेच थांबायचे.

आज होडी उतारावरून वर ओढताना ट्रेलरच्या चाकांचा एक्सल कडकन मोडला, नेमका रेघेपाशी.

"तुझ्या बाजूला मोडलाय!"

"डोळे फुटलेत का तुझे? नीट बघ, तुझ्याच बाजूला!"

धाकटा तरातरा जाऊन टेप घेऊन आला. दोघं गुडघे टेकून, एकमेकांच्या अंगावर ओरडत, मोजू लागले.

होडी ट्रेलरवरून सुटून पाण्याकडे घसरत होती. तिचा दोर दोन्ही हातांनी धरून आई तिच्यामागे फरफटत होती.

"अरे, एकाने तरी या रे!"