इंग्रजीतली आंधळी कोशिंबीर

"लेफ्ट! लेफ्ट!" पोरं ओरडत होती आणि डोळ्यांना रुमाल बांधलेली ओवी बाकं चुकवत वर्गभर फिरत होती. शिंत्रेबाई खुशीत होत्या. पोरांच्या गळ्यात बांधलेले नवे यांत्रिक पट्टे मराठी शब्द घशातच अडवत, त्यामुळे लाजरी पोरंही आता इंग्रजी बोलू लागली होती. मुलांना वाईट वाटू नये म्हणून बाईंनी स्वतःही पट्टा घातला होता.

तेवढ्यात ओवी उघड्या दारातून थेट जिन्याकडे वळली. पोरांनी तोंडं उघडली, पण आवाज फुटेना. काळजात धस्स झाल्यावर इंग्रजी कुणाला सुचतंय! बाई धावतच किंचाळल्या, "अगं, थांब!" तेही पट्ट्याने गिळलं.

कुणी ओरडलं नाही म्हणजे वाट मोकळी, हा खेळाचा नियम बाईंचाच. ओवीने हसत पाऊल पुढे टाकलं.